दशरथाचा बल्ब

सत्तावन्न साली मुलुंडच्या आमच्या खाणीवर डोंगराचं पाणी पाटानं वळवून वीज करत. यंत्र लहान, चाले फक्त पावसाळ्यात. ते चालवणाऱ्या दशरथानं गणपतीपुढे बल्ब लावला आणि अख्खी चाळ आरतीला बोलावली.

लोक जमले आणि बल्ब विझला. दशरथ आणि मी पाटाकडे धावलो. यंत्राच्या तोंडाशी जाळी हार-दूर्वांनी गच्च तुंबलेली. उपसता उपसता कंबर मोडली.

"कोण गाढव टाकतं रे हे?" दशरथ करवादला.

तेवढ्यात त्याची बायको प्रेमा निर्माल्याची परडी घेऊन आली. "व्हावत्या पाण्यात नाय सोडूचा, तर काय चुलीत घालूचा?"

दशरथानं परडी घेतली, नमस्कार केला आणि यंत्राच्या खालच्या अंगाला रिकामी केली.

परतलो तर बल्ब झकास पेटलेला. आरती मात्र समईवर उरकली होती, मोदकही संपले होते.