चित्त्याची अर्धी भाकरी

आमच्या शेजारच्या रंभाबाई भूगावच्या जुन्या शेतकरी. बरंचसं रान बिल्डरला गेलं. उरलेल्या दीड एकरात त्या रोज सकाळी जातात, आणि घरामागच्या चार खोल्यांत कॉम्प्युटरवाली पोरं भाड्यानं ठेवतात. जीभ विळ्यासारखी. जीव मात्र एका कुत्र्यात, चित्त्यात. नाव तेवढं चित्त्याचं. अंगानं गाभण म्हैस.

२००६च्या दिवाळीनंतर तो रानाच्या चढावर बसला तो उठेचना. नुसत्या धापा. नऊ वर्षांत पहिल्यांदा बाई रानात एकट्या गेल्या. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "पंत, त्याच्याबिगर रान खायला उठतं वो."

पिरंगुटच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर चढवलं. एक्केचाळीस किलो!

"आजी, दहा किलो जास्त आहे. असंच चाललं तर मागचे पाय जातील. दोन वेळा अर्धी-अर्धी भाकरी, वरचं काही नाही. आणि रोज थोडं थोडं चालवा."

महिनाभर बाईंनी अर्धीच घातली. काटा म्हणाला, बेचाळीस.

झालं! खोल्यांवर धाड पडली. "माझ्या कुत्र्याला कोन चारतंय?"

"मावशी, मी एकच बिस्कीट देते," अपूर्वा म्हणाली. ही पहिल्या खोलीतली, नागपूरची. बाकीच्या तिन्ही खोल्याही 'एकच'वाल्या निघाल्या. मीही कुंपणावरून कबूल केलं, "आमच्याकडं फक्त शिळी पोळी असते."

"फक्त? पंत, तुमी त्याला मारनार!"

बाई तणतणत अंगणातल्या चुलीपाशी गेल्या. अपूर्वा समजूत काढायला मागोमाग. तिथं तव्याबाहेर लोंबणारी भाकरी बघून ती थबकली.

"मावशी, हिची अर्धी? ही तर माझ्या तीन पोळ्यांएवढी आहे!"

"पयली भाकरी कुत्र्याची. सासूबाईंनी घालून दिलंय. ती बारकी थापू व्हय? मोजून अर्धीच देते की!"

मी हसून हसून कुंपणाला टेकलो. बाई हसल्या नाहीत. बराच वेळ चित्त्याच्या मागच्या पायांकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तव्यावर पहिली भाकरी पडली ती तळहाताएवढी. "बारकी असंना, पयलीच हाय," त्या स्वतःलाच समजावत होत्या. खोल्यांना हुकूम सुटला: ज्याला चित्त्याचा पुळका येईल, त्यानं त्याला फिरवून आणायचं. पहिल्या आठवड्यात तो फाटकापर्यंत गेला, मग देवळापर्यंत. रोज संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन असा बघायचा, की पोळी माझ्याच घशाखाली उतरेना. पण दिली नाही, शपथ!

होळीच्या सुमारास काटा छत्तीसवर आला. त्याच आठवड्यात एका सकाळी बाई रानाला निघाल्या आणि चित्त्या मागोमाग. चढाला लागला, थांबला, पुन्हा चढला. वर माझ्या कोंबड्या चरत होत्या. त्यानं कान टवकारले आणि सुटलाच!

"अहो रंभाबाई, धरा त्याला! माझी कोंबडी!"

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. डोळ्यांत पाणी.

"गप बसा वो पंत. पळतोय कसा, बघा तरी!"