चातुर्मासानंतरचा पाला

चातुर्मासात आमच्या घरात पालेभाजी शिजत नाही. पावसाळ्यात पानापानाला कीड असते. जीवहत्या नको म्हणून आम्ही जैन लोक चार महिने पाला विळीवर घेत नाही. तासगावजवळच्या आमच्या गावात हे इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणाला सांगावं लागत नाही. आणि तेच सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

यजमानांच्या हृदयाची झडप मिरजेत बदलली ती ऐन श्रावणात. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभराची. डॉक्टरांनी विचारलं, "पालेभाज्या किती खाता?" मी ताठ मानेनं सांगितलं, "आमी खातच न्हाई." त्यावर त्यांनी गोळीचं माप बसवलं आणि बजावलं, जेवणात बदल करायचा झाला तर आधी कळवा. मी मान डोलावली. कार्तिकात चातुर्मास संपल्यावर मेथी शिजणं हा बदल असतो, हे माझ्या टाळक्यात शिरावं कसं? आमच्यात तर ते दरवर्षीचंच!

चातुर्मास सुटला आणि मीही सुटले. माणूस वाळून निम्मा झालेला. त्याला उभा करायचा तर पाल्यानंच, ही माझी ठाम समजूत. मेथी झाली, पोकळा झाला, चाकवताची ताकातली पातळ भाजी झाली. त्यात पुतण्या शेडनेटमध्ये पुण्याच्या हॉटेलांसाठी केल नावाची भाजी लावतो, त्यानं टोपलीभर आणून ओतली. "काकी, ह्यात लय ताकद हाय." कुरळी, राठ पानं. मी देठ काढून बारीक चिरली, मुगाच्या डाळीत शिजवली, हिंग-मिरचीची फोडणी दिली, वरून दाण्याचं कूट. लसूण आमच्यात चालत नाही, तरी वास घरभर सुटला. मग दोन्ही वेळा तीच.

"अगं, आता बास. रोज पाला सोसंना मला," हे म्हणाले.

"आवं, गप खावा. तुमच्याच अंगाला लागतंय." आणि मी तिसरी वाटी वाढली. माझ्यापुढं कुणाचं चाललंय!

बाराव्या दिवशी जेवताना त्यांच्या हातातून घास गळून ताटात पडला. मी करवादले, "नगं असंल तर सांगा, टाकताय कशाला?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. ती तशीच धरून मी पुतण्याला हाका मारत बाहेर पळाले.

मिरजेत कळलं, रक्त घट्ट होऊन गुठळी मेंदूकडं गेली होती. वेळेत पोचलो म्हणून हात पुढं महिनाभरात सुधारला. पण त्या दिवशी तो हात कॉटवर मेल्यासारखा पडला होता. डॉक्टर म्हणाले, "जेवणात काय बदललं?" "काईच न्हाई," मी म्हणाले, आणि काय काय खाऊ घातलं ते कौतुकानं सांगायला लागले. केलपर्यंत आले तेव्हा त्यांचं लिहिणं थांबलं होतं.

"तुम्ही पालेभाजी खात नाही म्हणाला होतात."

"तवा चातुर्मास हुता..."

"पाल्यानं त्या गोळीचा जोर मोडतो, बाई."

ज्याला मी ताकद समजून वाढत होते, त्यानंच घात केला होता. वाढणारी मी. त्यांनी नको म्हटल्यावरही वाढणारी मी.

"पण एवढी रोज घातलीत कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

तेवढ्यात कॉटवरून हे अडखळत बोलले, "मीच... मागत हुतो. ती नगं म्हणायची."

बेदाण्याच्या सौद्यात आपल्याच मालातली खोट व्यापाऱ्याला आधी दाखवणारा हा माणूस. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, तेही वाकड्या तोंडानं. आणि मी, खरं काय ते सांगायचं सोडून, गप्प उभी राहिले.