न आणलेलं गाजर

द्वारका चौकाजवळच्या बाजारात माझ्या गोणपाटाला लागून त्याचं गोणपाट. दोघंही आपापल्या मळ्यातली भाजी विकतो, पण गर्दी त्याच्यापुढे होते आणि मी मेथीवर पाणी शिंपडत बसतो. बरं, माणूस बोलका म्हणावा तर तेही नाही. प्रत्येक वाक्याआधी डोक्यावरची टोपी सरळ करतो, आणि गिऱ्हाईक तेवढा वेळ चक्क थांबतं!

"गाजर का नाही आणलं?" एका ताईंनी त्याला विचारलं.

टोपी सरळ झाली. "त्या वाफ्यात आधी टोमॅटो होता, ताई. त्याच्यावर फवारलेलं औषध अजून मातीत असंल. गाजर ते ओढून घेतं. पुढच्या साली आणतो."

नसलेल्या गाजराच्या जोरावर त्याने टोपलीभर पालक खपवला. मी जळून कोळसा झालो.

दुसऱ्या दिवशी मीही टोपी घालून गेलो. त्याच ताईंनी माझी मेथी उचलली, तशी मी टोपी सरळ केली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणालो, "नका घेऊ ताई! कालच फवारलीय!"

मला वाटलं, माझ्या खरेपणावर खूश होऊन त्या कोथिंबीर तरी घेतील. त्यांनी जुडी खाली ठेवली आणि मागच्या दोघींना घेऊन त्याच्याकडे गेल्या.

तो हसला. "दादांची मेथी बिनधास्त घ्या, ताई. बांधाला बांध हाय आमचा. पेरल्यापासून दादांनी फवारणीचा पंप उचललेला नाय. लय आळशी हायेत."

तासाभरात माझी सगळी मेथी संपली. तीही त्यानेच विकली.