वाढलेली स्क्रीन

माझा फोन सध्या एकच काम करतो. कापतो. तुम्ही लावा, तुमचा कापेल. मामलेदारानं लावला, त्याचाही कापेल. उद्या साक्षात देवानं वरून लावला तरी माझं बोट खालीच घसरणार आणि देव म्हणणार, हा माणूस लई माजला.

त्याचं असं झालं. हळद शिजवून अंगणात वाळत घातली होती. मी वाकून खालीवर करत होतो आणि फोन सदऱ्याच्या खिशात होता. आमच्या बोकडाला माझ्या वाकण्याचा पहिल्यापासून राग. त्यानं मागून अशी धडक दिली की मी हळदीत आणि फोन आभाळात. किती वर गेला म्हणाल, तर आमच्या गावात जन्मात एका दांडीच्या वर न गेलेली रेंज त्याला तिथं पूर्ण आली आणि खाली येईस्तोवर आठवड्याचे सगळे मेसेज येऊन पडले. मग तो हळदीवर आपटला. वाळलेली हळद ज्यांनी फक्त डब्यातली भुकटी म्हणून पाहिली आहे त्यांना सांगतो, ती गोटीसारखी असते. काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं. वरचा कोपरा असा दबला की सिमकार्डाचा कप्पा आतल्या आत अडकून बसला. सुई घातली, तारेचा तुकडा घातला, बायकोनं नथीचा आकडा घालून पाहिला. फोननं सिम गिळलं ते गिळलंच.

तरी फोन चालू होता. दिवा लागायचा, घंटी वाजायची. घंटी वाजली की पडद्यावर गोल खूण येते, ती बोटानं वर सरकवली की फोन उचलला जातो आणि खाली सरकवली की कापला जातो. आता वरचा भाग सगळा मेलेला. बोट वर न्यावं तर गोल मध्येच थबकतो, थरथरतो आणि सुटून खाली येतो. कुणी म्हणालं, कानात घालायच्या वायरीला बटण असतं, त्यानं घ्या. वायर घालायच्या भोकात हळदीचा तुकडा असा ठासून बसला होता की जणू कारखान्यातूनच तसा आला.

एरवी मी म्हटलं असतं, बरं झालं, सुटलो. पण नेमकी वेळ वाईट होती. चारच दिवसांपूर्वी जवळा बाजारहून पाहुणे पोरीला बघून गेले होते. मुलाचं खताचं दुकान, घरी शेती, माणसं बोलायला गोड. जाताना त्यांच्या दुकानाचं कॅलेंडर आमच्या भिंतीला लावून गेले आणि मुलाचा मामा म्हणाला, "विचार करून फोन करतो." तो नंबर कोणता, तर माझा.

आणि आमची पोरगी. याआधी आलेल्या स्थळांना तिनं अशी नावं ठेवली की ती लिहिली तर माझ्यावर खटला होईल. एकाच्या मिशीला तिनं कोंबड्याची शेपटी म्हटलं होतं, आणि तो पाहुणा अजून ओसरीवरच होता. या वेळी ती काहीच बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझा फोन ती स्वतः चार्जिंगला लावू लागली. सकाळी लावायची, दुपारी लावायची, भरलेला असला तरी लावायची. मला काय कळायचं ते कळलं. काच फुटली तेव्हा ती धावत आली, माझ्या गुडघ्याकडं न बघता फोन उचलला आणि विचारलं, "अप्पा, घंटी वाजते ना?"

आता माझी आई. तिचं वय किती हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. सोयरिकीचं बोलणं चालू असलेल्या घरात तुटलं, फुटलं, विझलं, संपलं हे शब्द चालत नाहीत. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, वाढवतात. इथवर सगळा मुलूख तिच्यासोबत आहे. पण आमच्या आईनं हा कायदा अख्ख्या घराला लावला. त्या आठवड्यात आमच्या घरी कपबशी वाढली, सायकलची ट्यूब वाढली, आणि शेजाऱ्याचं दुधाचं पातेलं आमच्या उंबऱ्यावर वाढलं. मी अंगणातून ओरडलो की काच फुटली, तर आतून काठीचा आवाज आला. "वाढली म्हण. पोरीचं बोलणं चालूय अन् तोंडाला कुलूप न्हाई लेकाच्या."

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीला गेलो. स्टेशनकडच्या रस्त्याला दुरुस्तीचं दुकान आहे, टपरीएवढं. पण आत इतके फोन उघडे पडलेले की मला तो दवाखानाच वाटला. दुकानदारानं फोन उलटा केला, नखानं खरवडला, वास घेतला. "काका, इस में सब्जी बनाई क्या?" म्हणाला. मग सांगितलं, काच नांदेडहून मागवावी लागेल, फोन ठेवून जा, परवा घेऊन जा. सिम काढून दे म्हटलं, तर म्हणे कप्पा तोडावा लागेल, आणि तोडताना सिमही तुटू शकतं, मग माझ्याकडं बोट करायचं नाही.

मी फोन काउंटरवर ठेवला. हात मागे घेतला आणि फोन वाजला. मुलाचा मामा.

मी झडप घातली. बोट वर नेलं. गोल निम्म्यात थांबला. दुकानदार म्हणाला, जोर से. मी जोरानं नेलं. चहावाला म्हणाला, हळू. मी हळू नेलं. शेजारचा चपलाचा दुकानदार येऊन म्हणाला, बोट ओलं करा. मी ओलं केलं. सगळी हिंगोली माझ्या बोटाकडं बघत होती, आणि ते खाली घसरलं. कापला. फोन पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा मी हातच लावला नाही, तर खिशात घालताना घासून कापला गेला.

आता सांगा, ठेवायचा कसा? ठेवला तर बंद. नेला तर कापतो. बंद फोनवाल्याला लोक गरीब समजतात, कापणाऱ्याला माजोरी. शेवटी फोन तसाच खिशात ठेवून मी एसटी धरली. बसमध्ये बाईच्या मांडीवरचं लेकरू रडतं तसा तो पुन्हा वाजला, आणि मी सदऱ्यावरून त्याला नुसतं थोपटत राहिलो.

घरी बायकोचा बटणाचा फोन होता की. त्यावरून मामाला लावावा, दोन शब्द बोलावेत, संपला विषय. पण तो फोन आईनं कमरेला खोचून ठेवला होता. पोरीकडच्यांनी आपण होऊन फोन करायचा नाही, उतावीळ दिसतं, असं तिचं म्हणणं. मी समजावलं की आये, फोन त्यांचाच आला होता, आपण फक्त उलटा करायचा. ती म्हणाली, होकार चालत येतो, त्याला ओढून आणत न्हाईत. बायकोनं मध्ये तोंड घातलं तर आईनं कमरेच्या फोनवर हात ठेवला, पाटलानं तलवारीवर ठेवावा तसा.

संध्याकाळी तो कमरेचाच फोन वाजला. माझा साडू. हे स्थळ त्यानंच आणलेलं. साडू म्हणजे आपल्याच घरचा, म्हणून आईनं फोन माझ्या हाती दिला. पण दिला आणि समोर काठी घेऊन बसली.

साडू म्हणाला, "भाऊ, मामा इचारून राहिले. फोन काहून कापता?"

मी आईकडं पाहिलं. आईनं काठी जरा पुढं सरकवली.

"कापत न्हाई हो," मी म्हटलं. "स्क्रीन वाढली. त्याच्यामुळं उचलता येईना."

"वाढली?"

"व्हय, लई वाढली. काल दुपारीच."

तो म्हणाला, "बरं बरं. असं हाय व्हय," आणि त्यानं ठेवला. मला वाटलं, समजलं माणसाला. चला, मोकळे झालो. आईनंही मान हलवली. पोरगी दाराआड होती. ती मात्र कपाळाला हात लावून आत गेली. तिचं शिक्षण जास्त आहे.

बांगडी वाढते हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. स्क्रीन वाढते हे एकट्या माझ्या आईला. साडूनं मामाला सांगितलं की आमच्या साडूभाऊनं मोठ्या स्क्रीनचा फोन घेतलाय. एवढंच सांगितलं असेल बिचाऱ्यानं. पण बातमी डोंगरकड्याच्या एसटी थांब्यावर चढली आणि गावोगाव उतरत गेली. पहिल्यांदा फोन पाटीएवढा होता. दुपारपर्यंत परातीएवढा झाला. आमच्या वस्तीवर येईस्तोवर त्याच्यावर चार माणसं जेवायला बसू शकत होती. लोक बघायला येऊ लागले. मी फुटका फोन दाखवला तर एक जण डोळा मारून म्हणाला, "हा दाखवायचा. तो कुठं ठेवला?" एकानं तर कडब्याच्या गंजीमागं जाऊन पाहिलं.

हसायला ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी साडू स्वतः मोटारसायकलवर आला. चहा घेतला नाही, तेव्हाच मी समजलो. म्हणाला, मामांचं मन उठलंय. नवा फोन आला अन् आमचा कापून राहिले, म्हणजे आम्ही यांना छोटे वाटलो. आज संध्याकाळी ते दुसरीकडं पोरगी बघायला निघणारेत. मी फोन दाखवला, तडे दाखवले, बोकड दाखवला. साडूला पटलं, पण तो म्हणाला, आता मी सांगितलं तर सारवासारव वाटेल, मामा लई मानी माणूस. आई म्हणाली, जे नशिबात असंल ते. बायको पदर तोंडाला लावून चुलीपाशी बसली. मी अंगणात आलो तर खिशातला फोनसुद्धा गप्प. आधी कापू नये म्हणून देवाला विनवत होतो, आता वाजू दे म्हणून विनवायला लागलो. होकाराचं दार आम्ही लावलं की त्यांनी, हेच कळेना.

साडू गेल्यावर आईचा डोळा लागला. मी शेळ्यांना पाला टाकत होतो. गोठ्यामागं पोरीचा आवाज आला. बटणाचा फोन तिनं आजीच्या कमरेतून कसा काढला, ते मला आजवर कळलेलं नाही. त्या कमरेतून मी लहानपणी चार आणे काढू शकलो नव्हतो. एका हातात भिंतीवरचं कॅलेंडर होतं. खताच्या पोत्याच्या चित्राखाली दुकानाचा नंबर.

मी तिला थांबवायला हवं होतं असं गावात पुष्कळांचं मत आहे. मी पाल्याची पेंडी तोंडासमोर धरून उभा राहिलो.

त्या फोनचा आवाज असा की एका गावात बोललं की दुसऱ्या गावात लाऊडस्पीकर लावायला नको. पलीकडून बाईचा आवाज आला. कोण म्हणून विचारलं. ती मुलाची आई, दुपारचं गल्ल्यावर बसलेली.

पोरगी म्हणाली, "मी बोलतेय. तुमी बघून गेलता ती. आमच्या अप्पांच्या फोनची काच फुटलीय. फुटलीय, वाढली न्हाई. नवा फोनबिन काही घेतला न्हाई. कापायचं चालतं, उचलायचं चालत न्हाई. तुमचे फोन कापले न्हाईत, कापल्या गेले."

शेळ्यांनीसुद्धा चघळणं थांबवलं असं मी म्हणालो तर तुम्हाला खोटं वाटेल, पण एकीनं थांबवलं होतं.

मग ती बाई हळू म्हणाली, "फुटली म्हणू नगं, पोरी. लग्नाचं घर हाय."

"कुणाचं?" पोरीनं विचारलं.

"तुमचं," ती म्हणाली. "अन् आता आमचं बी. थांब, मामाला गाडीतून उतरवते."

पोरगी फोन धरून तशीच उभी राहिली. मी पेंडी खाली घेतली. तिनं मला पाहिलं, कॅलेंडर माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "खिळ्याला लावा, आजी उठायच्या आत."

सुपारी फुटली. म्हणजे झाली. आईचं ऐकून ऐकून मला आता सुपारीलाही भीती वाटते. तारीख धरली. मी म्हटलं, आता निदान हिंगोलीला जाऊन काच बदलून आणतो. मंडपवाला, आचारी, वाजंत्री सगळ्यांचे फोन येणार. चप्पल घातली तर आई म्हणाली, बघू तो फोन. चष्मा लावून तिनं तो उन्हात धरला. एवढे दिवस मी हळदीच्या हातानं तोच पुसत होतो. प्रत्येक तड्यात हळद उतरली होती. अख्खं जाळं पिवळंधमक.

"ह्येला हळद लागली," आई म्हणाली.

"मग?"

"मग काय मग? हळद लागली की गावाची येस वलांडायची न्हाई. लग्न होईस्तोवर ह्यो घरातच ऱ्हाईल."

मी बायकोकडं पाहिलं. तिनं फोनपुढं हळूच हात जोडले. पोरीकडं पाहिलं, तर ती खाली बघून हसत होती.

तेव्हापासून फोन भिंतीतल्या देवळीत आहे, आणि फोन तिथं म्हणून दिवसभर मीही तिथंच. दिवसभर वाजतो, दिवसभर कापतो. मंडपवाला रुसला, आचाऱ्यानं दुसरं काम धरलं म्हणतात, माझा सख्खा मावसभाऊ लग्नाला येणार नाही असं कळवून गेला. जो कापला जाईल त्याच्याकडं मी संध्याकाळी साडूच्या मोटारसायकलवर माफी मागायला जातो; या वयात जिल्हा पाठ झाला. जवळ्याचा मामा तेवढा शहाणा झालाय. तो लावतो, मी कापतो, आणि कापला की माणूस घरी आहे असं समजून तो आईच्या कमरेला लावतो.

परवा मी पोरीला म्हटलं, तुझी गाडी वेशीबाहेर गेली की दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं हिंगोली गाठणार.

ती हळकुंडं निवडत होती. म्हणाली, "अन् त्याच्या आधी, त्याच रात्री मी तिकडून लावला तर?"

"तर कापंल," मी म्हणालो.

"कापा," ती म्हणाली. "पण लगेच कापू नका. जरा वाजू द्या."