रेडिओतली घरघर

माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, माझ्या वडिलांना चारचौघांत खोटं पाडलं, त्याला आता खूप वर्षं झाली. भासरे गेले, वडीलही गेले. राग मात्र गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

वडील अकोल्याला शाळामास्तर होते. माझ्या लग्नात त्यांनी आंदण म्हणून रेडिओ दिला. नवाकोरा, लाकडी पेटीचा, समोर जाळीचं कापड लावलेला. आमच्या अमरावतीच्या घरात तोवर रेडिओ नव्हता, त्यामुळे सुरुवातीला सगळे त्याच्यापुढे बसून असत. मग एक दिवस गाणं चालू असताना भासऱ्यांनी कान टवकारले. बातम्या नीट ऐकू येत. पण गाण्यात तबल्याचा डग्गा घुमला की त्याच्याबरोबर घर्रर्र असा एक घाणेरडा आवाज निघे. भासऱ्यांना तेवढंच पुरलं.

"तुया सासऱ्यानं जुनं खटारं रंगवून देलं बे," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "मास्तर माणूस. त्याले नवा कुठून परवडते?"

भावापुढे तोंड उघडायची नवऱ्याची कधी छातीच झाली नाही. आणि मला तर मुभाच नव्हती. आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. ते बैठकीत आले की मी आत, दाराआड. हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर दाराकडं तोंड करून ऐकवत. जो पाहुणा येईल त्याच्यासाठी रेडिओ लावायचा, डग्गा वाजेपर्यंत थांबायचं आणि म्हणायचं, "आयका, मास्तरचा माल." मी दाराआड दातओठ खात उभी. एकदा तर वाटलं, उचलावा हा रेडिओ आणि घालावा ह्यांच्या टाळक्यात. पण रेडिओ फुटला असता, आणि वडील खोटे ते खोटेच राहिले असते.

वडील भजनात तबला वाजवायचे. डग्ग्यावरची कातड्याची पुडी सैल पडली आहे की दमट हवेनं बसली आहे, हे मला लहानपणापासून नुसत्या कानानं कळे. तेव्हा ठरवलं, ही घरघर आपणच हुडकायची. दुपारी भासरे कापसाच्या बाजारात गेले आणि सासूबाईंचा डोळा लागला, की मी रेडिओपाशी. पेटी दोन्ही हातांनी दाबून धरली. घरघर तशीच. मागच्या फळीचे स्क्रू आवळले. तशीच. कापडावर तळहात टेकवला, तर आतल्या स्पीकरचा कागदी पडदा थरथरताना हाताला कळत होता, पण तो कुठं फाटल्याचं लागेना. शेवटी कापडाला कानच लावला. डग्गा असा गोल, स्वच्छ आला की काय सांगू! आणि घरघर? ती माझ्या पाठीमागून येत होती.

मागच्या भिंतीवर फळी होती, आणि फळीवर भासऱ्यांचं चांदीचं ताट. त्यांच्या सासऱ्यानं दिलेलं, लाकडी घोडीवर, भिंतीला टेकवून उभं करून ठेवलेलं. पाहुण्यांना रेडिओच्या आधी ते दाखवलं जाई. "याले म्हणतात सासरा," असं भासरे म्हणत, आणि जाऊबाई मान खाली घालून आत निघून जात. मला वाटे, लाजतात.

मी ताटाच्या काठावर बोट ठेवलं. घरघर थांबली. बोट उचललं, सुरू झाली. डग्गा घुमला की ताट थरथरून भिंतीवर घासत होतं, बाकी काही नाही. खाली काढून उलटं केलं, तर घासून घासून मागचा काठ पिवळा पडलेला. पितळ! वरून चांदीचा मुलामा.

मला हसू आवरेना. ताट होतं तसंच भिंतीला टेकवून ठेवलं. नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्यानं भावाच्या कानाला लागून ताट हळूच हलवलं असतं, आणि मला हळूच काही नको होतं. त्यांची जिरवायची तर चारचौघांतच.

दिवाळीला वडील मला न्यायला आले. भासऱ्यांनी मुद्दाम शेजारच्यांना बोलावून ठेवलं होतं. वडिलांनी पाय धुतले असतील नसतील, लगेच भासऱ्यांनी रेडिओ लावला. "आयका गुरुजी, तुमचा नवा रेडिओ."

घर्रर्र.

वडिलांचा चेहरा उतरला. "म्या नवाच घेतला होता हो," ते म्हणाले. "मी परत नेतो. दुकानदाराले दाखवतो." त्यांच्या आवाजात अजिजी होती. माझ्या बापाला त्या माणसापुढे अजिजी करताना ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

पदर सावरला आणि सरळ बैठकीत गेले. सगळ्यांच्या समोरून फळीपाशी जाऊन ताट उचललं. डग्गा स्वच्छ वाजला. ताट ठेवलं. घर्रर्र. पुन्हा उचललं. भासऱ्यांशी एक शब्द बोलले नाही, तेवढी रीत पाळली.

"रेडिओ तं बरा हाये," शेजारचे बाबा म्हणाले, "हे तं ताट बोलून राहिलं."

लोक हसले. आता फक्त ताट उलटं करून पिवळा काठ दाखवायचा होता. त्या क्षणासाठी मी किती दिवस थांबले होते! तेवढ्यात जाऊबाई चहा घेऊन आल्या. त्यांना पाहून माझा हात अडला, कारण त्या मला कधी वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या, आणि हे त्यांच्या बापाचं ताट होतं. त्यांनी चहा खाली ठेवला, माझ्या हातातून ताट घेतलं आणि स्वतःच ते लोकांसमोर उलटं धरलं.

"माया बापानं पितळचंच देलं होतं," नवऱ्याकडं बघून त्या म्हणाल्या. "पितळ म्हणूनच देलं. मुलामा यायनं चढवला, लोकाईले दाखवासाठी."

भासरे रेडिओकडं बघत बसले. जाऊबाईंनी ताट जमिनीवर ठेवलं आणि चहा द्यायला घेतला. पहिला कप माझ्या वडिलांना दिला, मग शेजाऱ्यांना. भासऱ्यांसमोर त्या थांबल्याच नाहीत.