वैशालीची तारीख

फेब्रुवारीतली सकाळ होती. अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावात रात्रभर बर्फ पडला होता आणि मी ड्राइव्हवेमध्ये गाडीच्या काचेवरचा थर खरवडत उभी होते. खिशात फोन वाजला. स्क्रीनवर वैशालीच्या नवऱ्याचं, मिलिंदचं नाव होतं. अकोल्यात संध्याकाळ असणार, म्हणजे गप्पांचा फोन असेल, एवढंच मनात आलं. "ऋचा, वैशाली गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" ... आता तीन महिने होत आले, पण त्या एका शब्दाची लाज अजून जात नाही. वैशालीच्या बाबतीत इतकी वर्षं आम्ही दुसरं काय बोलत होतो? ती कधी जाणार, तिला जाता येईल का, गेली तर परत येता येईल का. मिलिंद म्हणाला, "अगं, गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी दवाखान्यात..." मी हातातली खरवडणी तिथंच टाकून घरात आले आणि बुटांसकट जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी होती, पण ताई म्हणू द्यायची नाही. "ताई म्हटलंस तर जेवायला बोलावणार नाही," असं पहिल्याच भेटीत सांगितलेलं. तेव्हा आमच्याच संकुलात, समोरच्या इमारतीत राहायची. अकोल्याची मुलगी, नागपूरला शिकलेली, इथे मोटारींच्या सीटा तपासणाऱ्या विभागात इंजिनिअर. त्या सीटा यंत्रावर हजारो वेळा दाबायच्या, हलवायच्या आणि कुठं काय सैल होतंय ते बघायचं, हे तिचं काम. त्यामुळे कुणाच्याही गाडीत बसली की आधी सीटवर दोन-तीनदा दाबून बघायची आणि मग निकाल द्यायची. माझ्या जुन्या गाडीबद्दल म्हणाली होती, "फोम पार बसलाय गं. तुझी पाठ दुखत असेल, आणि तू निखिलवर चिडत असशील." दोन्ही खरं होतं. निखिल, माझा नवरा, त्याच भागातल्या दुसऱ्या एका कंपनीत होता आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली. पुण्यात चांगली नोकरी सोडून आले होते, पण इथल्या प्रत्येक कागदावर माझ्या नावापुढे 'डिपेंडंट' असा शब्द असायचा. नोकरी करायची परवानगी नव्हती. सकाळी निखिल गेला की दिवस खायला उठायचा. अशा दिवसांत वैशाली ऑफिसमधून फोन करून विचारायची, "काय करून राहिलीस?" मी काहीच नाही म्हटलं की संध्याकाळी येताना कोथिंबिरीची जुडी घेऊन यायची आणि आपण वड्या करू म्हणायची.

पण तिची ख्याती वेगळीच होती. नोव्हायमधल्या मराठी मंडळींना ग्रीन कार्डासाठी कधी अर्ज करता येईल, हे वैशाली सांगायची. वकील सांगायचे त्यापेक्षा सोपं करून, आणि घाबरवल्याशिवाय. मला तिनं एकदा पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं. कंपनी तुमच्यासाठी पहिला अर्ज करते, त्या दिवसाची तारीख तुमच्या नावावर लागते. मग सरकार दर महिन्याला एक तक्ता काढतं. त्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे सरकली, की तुम्ही अर्ज करायचा. तोवर थांबायचं. प्रत्येक देशाची रांग वेगळी, आपली फार लांब, आणि कुणी कुठल्या रांगेत उभं राहायचं ते जन्म कुठं झाला यावरून ठरतं. तक्ता आला की रविवारी तिच्या डायनिंग टेबलाभोवती तीन-चार कुटुंबं जमायची. पोहे व्हायचे, लॅपटॉप उघडायचा, आणि ती एकेकाला सांगत जायची. तुझी दोन वर्षांनी यावी. तुझी काही सांगता येत नाही. तू मात्र आत्ताच कागद जमवायला लाग.

अशाच एका रविवारी निखिलची पाळी आली. तिनं त्याची तारीख ऐकली आणि तोंड वाकडं केलं. "दहा वर्षं तरी धर." निखिल हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. मग ती माझ्याकडे वळली. "तू गं? जन्म कुठला?"

"साताऱ्याची मी."

"साताऱ्याची आहेस ते ठाऊक आहे मला. जन्म कुठं झाला?"

"मस्कतला. बाबा दोन वर्षं तिकडे नोकरीला होते. सात महिन्यांची असताना परत आणलं मला."

वैशालीनं हातातला चमचा बशीत ठेवला. "निखिल," ती म्हणाली, "ऊठ आणि बायकोच्या पाया पड." आम्हाला काही कळेना. तिनं तीन वेळा सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं. नवरा-बायकोपैकी कुणा एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. आणि ओमानच्या रांगेत कुणी नव्हतंच. निखिलच्या कंपनीच्या वकिलाकडे माझं जन्मस्थान लिहिलेलं होतं, पण ते कुणी वाचलं नव्हतं. डिपेंडंटचं कोण वाचतो? वकिलानं आधी असं काही नसतं म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून असतं म्हणून कळवलं. साताऱ्यात बाबांनी कपाट उपसून माझा अरबीतला जन्मदाखला शोधून काढला. सव्वा वर्षात आमच्या हातात कार्डं होती.

कार्ड आलं त्या दिवशी पेढे घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले आणि मला आत पाऊल टाकवेना. ती आमच्या आधी सहा वर्षं या देशात आलेली. तिची तारीख एका दिवाळीतल्या पाडव्याची होती, म्हणून माझ्या लक्षात राहिलेली. ती आणि मिलिंद, दोघांचाही जन्म अकोल्याचा, अगदी एकाच दवाखान्यातला. "चेहरा काय पाडतेस?" ती म्हणाली. "माझी जागा घेतलीस का तू? तुझी रांगच वेगळी." मग पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ सिंकमधली भांडी धूत राहिली... ती पाठ मला अजून दिसते.

तिला घाई होती ती ईशानसाठी. मुलगा एकवीस वर्षांचा व्हायच्या आत अर्ज गेला तरच तो आईच्या अर्जात बसतो, एरवी त्याचा त्यानं मार्ग शोधायचा. ईशान चार वर्षांचा असताना इथे आला होता. इंग्रजीतच विचार करायचा. दोनदा तक्त्यातली तारीख पाडव्याच्या अगदी जवळ आली आणि दोन्ही वेळा मागे गेली. दुसऱ्या वेळी तर अर्जासाठीचे फोटोही काढून झाले होते. ईशानच्या एकविसाव्या वाढदिवसाला तिनं श्रीखंड केलं होतं. जेवताना कुणी विषय काढला नाही. शेवटी तोच म्हणाला, "आई, इट्स ओके. आय विल फिगर इट आउट." ती त्याला म्हणाली, "तुला कळत नाही रे, मी तुला इथे आणलं." पुढच्या वर्षी तो टोरांटोला गेला.

त्यानंतर ती वर्षभरसुद्धा इथे राहिली नाही. अकोल्यात तिची आई एकटी होती. वडील गेले तेव्हा वैशालीला जाता आलं नव्हतं. भारतात गेलं की परत येण्यासाठी पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागायचा, त्यासाठी दूतावासाची वेळ मिळायची नाही, आणि महिनोन्महिने तिकडेच अडकलेली माणसं आम्ही पाहत होतो. सहा वर्षं ती आईला फक्त फोनवर बघत होती. एका रविवारी तिनं सगळ्यांच्या तारखा सांगून लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आम्ही जाऊन राहिलो. कायमचे." विमानतळावर मीच सोडायला गेले. मी रडत होते, ती नाही. "तुला आता काय अडचण आहे?" ती म्हणाली. "कार्ड आहे. मनात आलं की यायचं. माझ्याकडे ये."

मी गेले नाही. दोन वर्षांत दोनदा भारतात गेले, सातारा-पुणे करून परतले. अकोला आडवळणाला पडतं, माझ्या मुलीच्या शाळेला सुट्टी नाही, पुढच्या वेळी नक्की... ती अकोल्याहून आमच्या ग्रुपवर दर महिन्याला लोकांच्या तारखा कळवत राहिली. "प्रशांत, तुझी आली रे. मेडिकल करून घे." आणि मला वेगळा मेसेज. "कधी येतेस?" मी हृदयाची चित्रं पाठवायचे.

शेवटी या एप्रिलमध्ये अकोल्याला गेले. ज्या सोप्या प्रवासाला दोन वर्षं सवड झाली नव्हती, त्याला एक दिवस पुरला. मिलिंद स्टेशनवर आला होता, खूप वाळलेला. घरी वैशालीची आई ओसरीवर बसली होती. ऐंशीच्या पुढची, पण कानानं तिखट. मला जवळ बसवून तिनं माझा हात चाचपला. आजी दिवसभर लेकीबद्दल बोलत होती. संध्याकाळी मला वैशालीच्या खोलीत घेऊन गेली. खिडकीपाशी वेताची खुर्ची होती. "इथं बसे ती," आजी म्हणाली. "दर महिन्याले एकदा मोबाइल घेऊन बसे आन् कायतरी पाहे. मी विचारू, आली का तुही तारीख? ती म्हणे, नाही आई, अजून लय दूर आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुले सांगतो पोरी, मी देवाले सांगत होती, येऊ देऊ नको म्हणून. आली असती तं ती पुन्हा गेली असती. माह्यामुळं तं नाही ना थांबली तिची तारीख?"

आजी देवघरात दिवा लावायला गेली, तेव्हा मी फोन काढला. आमचं कार्ड आल्यापासून मी तो तक्ता एकदाही उघडला नव्हता. आधी या महिन्याचा पाहिला, मग मागचे. पाडवा मागे पडला होता. वैशाली जायच्या चार महिने आधीच तिची तारीख आली होती. जुन्या कंपनीनं तिला परत बोलावलं असतं की नाही, मला माहीत नाही. तारीख आली तरी नोकरी द्यायला कंपनी तयार लागते. पण विचारायचा हक्क तिचा झाला होता, आणि तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? तिनं ग्रुपवर लिहिलं नाही, मला सांगितलं नाही. मिलिंदला नंतर विचारलं, त्यालाही नाही. या खुर्चीत बसून तिनं ते वाचलं असेल आणि आईला म्हणाली असेल, अजून लय दूर आहे. तेव्हा तिला नोव्हाय आठवलं असेल का? तिचं टेबल, आम्ही सगळे... असेल. मला हवं आहे की आठवलं असावं, आणि तरीही ती उठली नसावी.

आजी परत आली. "पाह्यलं का तू?" तिनं विचारलं. "आली असती का?"

"नाही आजी," मी म्हटलं. "अजून खूप दूर होती."

"मंग बरं," ती म्हणाली आणि पलंगावर टेकली. मग म्हणाली, "चार दिवस राहा नं माह्यापाशी."

मला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी वैशालीच्या खुर्चीत बसून तिकीट पुढे ढकललं. चार नाही, दहा दिवस. त्यासाठी मला कुणाला विचारावं लागलं नाही, कुठल्या शिक्क्याची वाट बघावी लागली नाही. ती सोय मला तिनंच करून दिली होती.