गाठ मावशीशी

माझ्या मावशीच्या उजव्या हाताची चार बोटं खोक्यांच्या कारखान्यात गेली. ती पुठ्ठा कापायच्या मशीनवर होती. त्या मशीनला पुढून जाळी असते; ती खाली असली की पात्याखाली हात जात नाही. पण दर पुठ्ठ्याला जाळी खाली-वर करण्यात वेळ मोडतो, म्हणून मालक रोज सकाळी स्वतःच्या हाताने ती सुतळीने वर बांधून टाकायचा. तपासणीचे साहेब यायचे असले की तेवढ्यापुरती सोडायचा. सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं आणि सगळ्या तोंडाला कुलूप लावून होत्या. पोटापुढे काय करणार?

चौकशी केली मालकाच्या मेहुण्याने. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय! त्याने इंग्रजी अहवालात अपघाताला भारदस्त विशेषण लावलं: फॉर्च्युइटस. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून मावशीने मला अर्थ विचारला. मीही मास्तरकी केली. म्हटलं, निव्वळ योगायोगाने घडलेलं, ज्यात कुणाचा दोष नाही असं. हल्ली लोक तो शब्द ‘सुदैवी’ म्हणूनही वापरतात, हेही सांगून टाकलं. मग तिच्या हाताकडे नजर गेली आणि मला माझीच लाज वाटली.

“वाऱ्याने कौल पडून कुणाचं डोकं फुटलं, तर चालेल हा शब्द?” तिने विचारलं.

“चालेल.”

“आणि कौल कुणी ढकललं असेल तर?”

“मग नाही चालणार.”

“म्हणजे मेल्याने खोटं लिहिलंय,” ती म्हणाली, आणि डाव्या हाताने भाजी निवडत बसली.

मावशी म्हणजे गरीब गाय, असं सगळे म्हणायचे. त्या दिवसापासून गायीने डूख धरला. मालकाने उपकार केल्यासारखं तिला लेबलं चिकटवायला बसवलं. आल्यागेल्याला तो ऐकवायचा, की बघा, हिला आम्ही टाकलं नाही. त्यावर ती गोड हसायची. ते हसू मी एकदा पाहिलं आणि तिला गरीब गाय म्हणणं सोडून दिलं.

पुढच्या तपासणीच्या दिवशी मालकाने सुतळी सोडली, जाळी खाली घेतली, बायकांना चहाला पिटाळलं आणि साहेबांना आणायला फाटकावर गेला. परत येऊन बघतो तर मशीन बंद, पण जाळी वर, गच्च बांधलेली.

साहेबांनी विचारलं, ही कुणी बांधली? मालकाला घाम फुटला. लेबलांपाशी बसलेल्या मावशीकडे बोट करून तो म्हणाला, “हिनेच बांधली, साहेब. मी आत्ताच तर सोडून गेलो होतो.”

“सोडून? म्हणजे बांधलेली असते रोज?”

मावशीने फक्त उजवा हात टेबलावर ठेवला. साहेबांनी हात पाहिला, गाठ पाहिली आणि मालकाकडे असं पाहिलं की तो भिंतीला टेकला. मग चहाहून परतलेल्या बायकांची कुलपंही भराभर उघडली.

मशीनला सील लागलं, जुनी चौकशी पुन्हा उघडली. या वेळी अहवालात विशेषण नव्हतं, मालकाचं नाव होतं. कारखान्याबरोबर मावशीची नोकरीही गेली. मला मात्र अस्सा आनंद झाला होता! संध्याकाळी मी तिला हळूच विचारलं, की एवढी घट्ट गाठ मारलीस तरी कशी?

“बोटंच नेलीन त्याने,” मावशी म्हणाली. “दात आहेत की माझे.”